माझ्या घरचं पाणी

आत्ती, तुमच्या मृत्यूची नोंद करायला वॉर्ड ऑफिसात मी गेले होते. फॉर्मवर एक रकाना होता, माहिती देणाऱ्याचं मृताशी नातं. मी 'सून' लिहिलं. कारकुनानं तुमचं आडनाव वाचलं, माझं वाचलं आणि मान वर केली. आडनावं वेगळी, मग सून कशी? मी 'सून' खोडून 'मुलगी' लिहिलं. तो म्हणाला, खाडाखोड चालत नाही, दुसरा फॉर्म घ्या. दुसऱ्या फॉर्मवर 'नातेवाईक' लिहिलं, सही केली आणि बाहेर आले. मागं रांग होती. तिथं तुमची-माझी गोष्ट सांगत उभं राहणं शक्य नव्हतं.

आज नववा दिवस. भेटायला येणारी माणसं कमी झालीत. गौरी कॉलेजला गेलीय, प्रकाश दुकानात. लॅबमध्ये मी उद्यापासून जाणार. म्हणून आज दुपारी वही घेऊन बसले. तुमचे गुण गायला बसलेली नाही. कौतुक ऐकायची तुम्हाला सवय नव्हती. कुणी चार शब्द बरे बोललं की तुम्ही विचारायचात, "काम काय हाय?" माझंही काम आहे. आपलं एक भांडण पुरं झालं नाही, आणि त्याच्या शेवटाबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय.

शंकर गेले तेव्हा आपली गौरी दोन वर्षांची होती. कावीळ झाली, कुणीतरी झाडपाला दिला, त्याच्या भरवशावर आठ दिवस गेले आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तुमचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा. कसबा बावड्याच्या तीन खोल्यांच्या घरात आपण तिघी उरलो. गोठ्यात एक म्हैस आणि कारखान्याला जाणारा अर्धा एकर ऊस. तिसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं असताना तुम्ही माझ्या हातात चरवी दिलीत आणि म्हणालात, "रडत काढ, पर धार काढ. म्हशीला सुतक नसतंय." बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मला त्या दिवशी तुमचा राग आला होता. पण म्हशीच्या कासेशी बसल्यावर त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच मला माझे हात माझे वाटले.

माझी आई मी आठ वर्षांची असताना गेलेली. त्यामुळे माहेराहून न्यायला आले ते वडील आणि भाऊ. भाऊ म्हणाला, आमच्यात राहील, पोरं सांभाळील. तुम्ही विचारलंत, "कुणाची?" भावाची तीन होती. तुम्ही म्हणालात, मग इथंच राहू दे, इथं तिची स्वतःची आहे सांभाळायला. मी त्यांच्याबरोबर एस.टी.पर्यंत गेले आणि तिथून परत फिरले, असं गावात कुणीतरी पुढं रंगवून सांगितलं. खरं म्हणजे आले होते दोघंच आणि गेलेही दोघंच. मी जागची उठलेच नव्हते.

माझी बारावी सायन्सची झाली होती. रक्त-लघवी तपासायचा कोर्स राजारामपुरीत असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं देव जाणे. तुम्ही निपाणीकडच्या, शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. पण तुम्ही त्या क्लासच्या माणसासमोर जाऊन बसलात आणि त्याला विचारलंत की हे शिकलेल्या बाईला दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडं बघावं लागतं का. तो म्हणाला, लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी सिटी बसमध्ये होते. दीड वर्षानं मी एका लॅबमध्ये कामाला लागले. मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. गौरी शाळेत जाईल, मी लॅबमध्ये, तुम्ही म्हशीपाशी.

तुम्हाला तसं वाटत नव्हतं. एका रविवारी मी शेंगा फोडत बसले होते. तुम्ही समोर येऊन बसलात आणि हवापाणी सांगावं तशा म्हणालात, "सुनंदे, तुजं लगीन करायचं म्हणतो."

मी म्हणाले, मी तुमच्या घरात नांदायला आलेय.

"नांदायला माणूस लागतंय. भिंतीसंगं नांदतीस व्हय?"

मी म्हणाले, मग तुमचं काय? तुम्ही म्हणालात, मी काय पाळण्यात आहे काय. मी म्हणाले, लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, लोकांना बोलायला काहीतरी द्यावंच लागतं, नाहीतर ते आपल्या मनानं बोलतात. मी उठून आत गेले आणि आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. त्या आठ दिवसांत तुम्ही म्हशीशी बोललात. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "बग गं, शिकलेली बाई हाय, अन् अक्कल तुज्याएवढीबी न्हाई." एकदा मला हसू आलं, तर तुम्ही म्हशीला सांगितलंत, "हसली. आता आईकंल."

मी ऐकलं ते मात्र त्या हसण्यामुळं नाही. नवव्या दिवशी तुम्ही भाकरी थापत होतात. पाठमोऱ्या होतात. तशाच म्हणालात, "माजं एक लेकरू गेलं. तू अशी बसून ऱ्हायलीस तर दोन गेली म्हणायची. दोन मला सोसायची न्हाईत." शंकरबद्दल तुम्ही माझ्यासमोर एवढंच बोललात. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही. भाकरी मात्र करपली नाही. वेळेवर उलटलीत.

प्रकाशना बघायला तुम्ही आणि मी, दोघीच गेलो. राजारामपुरीत त्यांचं झेरॉक्सचं आणि एस.टी.डी.चं छोटं दुकान, वर दोन खोल्या, घरात त्यांची आई. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नव्हतं. तुम्ही त्यांना पाच-सहा प्रश्न विचारलेत. दारू पितोस का, आवाज चढवतोस का, पोर रात्री उठली तर कोण बघणार, तिखट सोसतं का, हिच्या हातचं तिखट असतं. बिचाऱ्यांनी सगळ्यांची उत्तरं उभ्यानं दिली. मग प्रकाशच्या आईंनी विचारलं, आपण मुलीच्या कोण? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "आई."

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही.

विधवेच्या लग्नाला आपल्यात उडकी म्हणतात, बाकीच्यांत पाट. ते कसं करायचं याचे नियम ठरलेले. भावकीतल्या एका आजोबांनी येऊन सांगितलं की असलं लग्न दिवेलागण झाल्यावर करतात, मागच्या दारानं, बायकामुलांना बाजूला ठेवून. तुम्ही त्यांना बसायला पाट दिलात, पाणी दिलंत, आणि म्हणालात की चोरी करत नाही, लग्न करतोय. जोतिबाच्या डोंगरावर भर दुपारी लग्न झालं. आईच्या जागी तुम्ही उभ्या होतात. पांढऱ्या केसांत गुलाल भरला होता आणि चार वर्षांची गौरी तुमच्या कडेवर होती. आजोबाही आले होते. जेवून गेले.

इथून आपलं भांडण सुरू झालं.

महिन्याभरानं तुम्ही पहिल्यांदा माझ्या नव्या घरी आलात. हातात किटलीत दूध आणि पिशवीत फिरकीचा तांब्या. मी चहा ठेवायला लागले तर "नगं" म्हणालात. मला वाटलं, वाटेत कुठं घेतला असेल. दुसऱ्या खेपेलाही नको, तिसऱ्या खेपेलाही नको. जेवायला थांबा म्हटलं तर म्हैस आठवायची. तहान लागली की पिशवीतला तांब्या काढायचात, फिरकी सोडायचात, घरून आणलेलं पाणी प्यायचात आणि फिरकी लावून टाकायचात. प्रकाशच्या आईंना ते लागलं. आमच्या हातचं चालत नाही का, असं त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार? मला स्वतःलाच वाटत होतं की दुसऱ्या पुरुषाच्या घरात मला हिंडताना-फिरताना बघून तुमचा घास अडतोय. लग्न लावून दिलंत, पण मनातून उतरलं नाही. दोन वर्षं मी हेच धरून बसले होते. तुम्ही गेलात की दार लावून मी चिडचिड करायची, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या वाटेकडं डोळे लावून बसायची.

एका सणाला मी मुद्दाम हुग्गी केली. तुम्हाला गव्हाची ती खीर किती आवडायची ते मला ठाऊक होतं. वाटी पुढं ठेवली. तुम्ही वाटीकडं बघितलंत, वास घेतलात आणि ती गौरीकडं सरकवलीत. मी तुम्हाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि विचारलं की असं काय घोडं मारलंय मी तुमचं.

तुम्हाला खरोखर आश्चर्य वाटलं. हे सुद्धा सांगावं लागतं का, असा चेहरा झाला. म्हणालात, लेकीला मूल होईपर्यंत आई लेकीच्या घरच्या पाण्याला शिवत नाही. तुझ्या आईनं नसतं पाळलं?

मी म्हणाले, तुम्ही माझी आई नाही, सासू आहात. सासू खाऊ शकते.

तुम्ही अंगठ्यानं बाहेरच्या खोलीकडं दाखवलंत. "सासू ती बसलीय. एका घरात दोन सासवा नसत्यात. मी आई म्हणून येतो."

मी म्हणाले, आणि गौरी? ती मूल नाही का माझं? तुम्ही म्हणालात, ती माझ्या घरात जन्मली, ती माझी आहे. या घरात पाळणा हलू दे, मग दोन घास जास्तच खाते.

मला कळलं, पण पटलं नाही. पुढं वर्षानुवर्षं मी तुम्हाला कोंडीत पकडायला बघत होते. मी म्हणायची, चहातलं दूध तर तुमच्याच म्हशीचं आहे. तुम्ही म्हणायचात, साखर तुझी. एकदा मी तुम्हाला साखर घेऊन यायला लावलं. तुम्ही आणलीत, आणि कप पुढं केल्यावर म्हणालात, गॅस तुझा. प्रकाश तोंडावर पेपर धरून हसत होते. वकील व्हायला हवं होतं तुम्ही.

पाळणा मात्र हलला नाही. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. दोन्ही वेळा तुम्ही आलात, उशाशी बसलात, केस विंचरलेत, तुमच्या घरून आणलेली पेज मला पाजलीत. दुसऱ्या वेळेनंतर डॉक्टर म्हणाले, आता नको. त्या दिवशी मी तुम्हाला फार वाईट बोलले. म्हणाले, आता या घरात मूल होणार नाही, म्हणजे तुम्ही काय जन्मभर माझ्या दारात तहानलेल्या बसणार? तुम्ही कंगव्यातले केस काढत म्हणालात, "होगलि बिडू." जाऊ दे. मन दुखलं की तुम्ही कानडीत जायचात.

मला तेव्हा वाटलं, हा नुसता हट्ट आहे. माझं काय गेलंय ते दिसत असून ही बाई एका रीतीला चिकटून बसलीय. तो राग कधी गेला ते मला नेमकं आठवतं. पुढच्याच महिन्यात तुम्ही दूध घेऊन आला होतात आणि मी आतल्या खोलीत पडून होते. बाहेर प्रकाशच्या आई तुम्हाला म्हणाल्या की तिकडची पोर घेऊन आली, इकडं काही देता आलं नाही. त्या तशा वाईट नव्हत्या. नातवंड हवं होतं त्यांना, ते दुःख त्या माझ्यावर काढत होत्या. तुम्ही उठलात. आवाज चढवला नाहीत. पण भिंतीपलीकडं मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"ईनबाई, माज्या लेकीला परत आसं बोलायचं न्हाई. तुमच्या घरचं पाणी प्याली न्हाई मी अजून. तवा माज्या जिभंला कशाची भीड न्हाई."

त्यांनी परत कधी काढलं नाही.

मी पडल्या पडल्या तो तांब्या आठवत राहिले. माझ्या घरात ज्याला कशाचंच मिंधेपण नाही असं एक माणूस तुम्ही ठेवलं होतं. माझी खरी आई असती तरी तिला हे सुचलं असतं की नाही, ठाऊक नाही. हे मी तुम्हाला तेव्हा बोलून दाखवलं नाही. बाहेर येऊन किटली धुऊन दिली, एवढंच. मग आपलं भांडण चालूच राहिलं, पण माझ्या बाजूनं त्यातलं विष गेलं होतं. सवय म्हणून आग्रह करायची आणि सवय म्हणून तुम्ही नको म्हणायचात.

दोन हजार पाच सालच्या मोठ्या पुरात मात्र तुम्ही कहर केलात. बावड्यात पाणी चढलं, प्रकाश रिक्षा घेऊन तुम्हाला आणायला गेले. तुम्ही आधी म्हैस उंचावरच्या शाळेत बांधलीत, तिच्यापाशी माणूस ठेवलात आणि मग रिक्षात बसलात. सोबत काय, तर रॉकेलचा स्टोव्ह, तांदळाचं गाठोडं, एक पातेलं आणि घागर. सहा दिवस तुम्ही आमच्या गॅलरीत तीन विटांच्या आडोशाला भात शिजवलात. पाण्याचं काय करणार, असं मी मनातल्या मनात विचारत होते, कारण नळ बंद झाले होते. सगळ्या गावात पाणी आणि नळाला थेंब नाही. गल्लीत टँकर आला तशा तुम्ही घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलात. मी म्हणाले, मी भरते, तुम्ही वर जा. तर रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर म्हणालात, "तू भरलंस की तुजं. हे पाणी नगरपालिकेचं हाय." वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडं मात्र तुम्ही दोन वेळा बिनदिक्कत चहा प्यालात आणि तिच्या चहाची माझ्याकडं तारीफ केलीत. त्यावरून मी दोन दिवस फुगून बसले होते. तुम्हाला मजा येत होती.

त्यानंतर वर्षभरानं प्रकाशच्या आई गेल्या. शेवटी शेवटी त्यांचं सगळं मीच केलं, आणि आमचं बरं जमलंही होतं. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. साधारण महिन्यानं एका सकाळी तुम्ही आलात. पिशवीत तांब्या नव्हता. बाहेरच्या खोलीत नेहमीच्या जागी, दाराजवळच्या खुर्चीत, बसला नाहीत. थेट स्वयंपाकघरात आलात, ओट्यावर बोट फिरवून बघितलंत आणि म्हणालात, "चा टाक."

मी तुमच्या तोंडाकडं बघत उभी राहिले.

"बगतीस काय? तुजी सासू गेली. घरात नावं ठेवायला कोणतरी पायजे की."

बारा वर्षं ज्याच्यासाठी भांडले तो चहा मी टाकला. डब्याकडं न बघता तुमच्याकडंच बघत होते म्हणून साखर जास्त पडली, आणि ते तुम्ही पहिल्याच घोटाला सांगितलंत. मग डबे उघडून बघितलेत. डाळीला ऊन दिलं नाही, मोहरी निवडलेली नाही, फोडणीची पळी अशी कशी ठेवतात. मी "हो आत्ती, हो आत्ती" करत मागं फिरत होते. प्रकाश दुकानातून वर आले, त्यांनी तुमच्या हातात कप बघितला आणि तसेच खाली गेले. गिऱ्हाईक नसताना खाली गेले.

तुम्ही प्यालात, तर मी आनंदानं नाचायला हवं होतं. पण खरं सांगते, तुम्ही गेल्यावर मी त्या रिकाम्या कपापाशी उभी राहिले आणि मला पोरकं वाटलं. आई म्हणून येणारी बाई आता येणार नव्हती. सासू येणार होती. ती तुम्ही झालातही, चांगली खमकी. आठवड्यातून दोनदा जेवायला यायचात, आमटीला नावं ठेवायचात आणि दोनदा वाढून घ्यायचात. पंचावन्न-साठ जणांचं रक्त काढून मी दमून यायची, तर तुम्ही गौरीला कणीक मळायला बसवलेलं असायचं. भावकीत जाऊन मात्र सांगायचात की सून म्हणावी तर माझी.

मग पायावर सूज आली. तुमचं रक्त मीच काढलं. दुसऱ्या कुणाला तुम्ही हात देत नव्हता. मूत्रपिंडं किती चालतात ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा आला तो मी दोनदा तपासला. यंत्रात चूक असेल म्हणून तिसऱ्यांदाही. चूक नव्हती. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणालात, म्हशीला सुद्धा मी दावणीला एवढं बांधत नाही. मी समजावलं, गौरी रडली, प्रकाशनी दोन डॉक्टरांची मतं आणली. तुमचं एकच, जेवढं आहे तेवढं तुझ्याकडं राहते. म्हैस विकलीत, घराला कुलूप लावलंत आणि माझ्या घरी राहायला आलात.

डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. दिवसाला लिटरच्या आत, त्यात चहा, आमटी सगळं धरून. मी लॅबमधली खुणा असलेली बाटली आणली. सकाळी भरायची आणि दिवसभर त्यातूनच द्यायची. मी असं काम चोख करते, तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही बाटलीकडं बघून म्हणालात, "बारा वर्सं पी पी म्हणत हुतीस. आता पितो म्हटलं तर मोजून देतीस व्हय?" आपण दोघी इतक्या हसलो की तुम्हाला ठसका लागला, आणि ठसक्यासाठी दिलेलं पाणी सुद्धा मी खुणेवर धरलं.

चार महिने असे गेले. जड होते, पण वाईट नव्हते. गौरीला तुम्ही शंकरच्या लहानपणच्या गोष्टी सांगायला लागलात, मला कधी न सांगितलेल्या. मी भांडी घासत ऐकायची. तुम्हाला माहीत होतं मी ऐकतेय. प्रकाश तुम्हाला उचलून गॅलरीत बसवायचे. तुम्ही त्यांना म्हणायचात, "आजून आवाज चढीवला न्हाईस, बरा हाईस." त्या घरात मला जे जे होतं ते तुम्ही लावून दिलेलं होतं, आणि त्याच्या मध्ये बसून तुम्ही माझ्या आमटीला नावं ठेवत होतात. मी त्या चार महिन्यांत बऱ्याचदा म्हणायचं ठरवलं. काय म्हणायचं ते नक्की होत नव्हतं. 'उपकार' म्हटलं असतं तर तुम्ही उठून बावड्याला गेला असता.

आता जे सांगायचंय ते. शेवटच्या दिवशी दुपारीच बाटली संपली. उन्हाळा होता, तुमचे ओठ सुकले होते. तीनच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दारातल्या अंथरुणावरून तुम्ही म्हणालात, अर्धा कप दे. मी म्हणाले, सातला देते. तुम्ही म्हणालात, घोटभर तरी. मी ओठांना ओला कापूस लावला, आणि दिलं नाही. आदल्या रात्रीपासून सूज वाढली होती, छातीत घुरघुर होती, माझ्या डोक्यात डॉक्टरांचा आकडा होता. सात वाजायच्या आत तुम्ही गेलात.

डॉक्टर नंतर म्हणाले, अर्ध्या कपानं काही फरक पडला नसता. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. पण फरक पडला नसता, म्हणजे देता आलं असतं. मी या धंद्यातली आहे, मला एवढं कळतं. जिनं बारा वर्षं माझ्या घरचं पाणी नाकारलं तिला शेवटच्या दुपारी मी नाकारलं. नऊ दिवस मी हे कुणाला सांगितलेलं नाही, प्रकाशनाही नाही.

पण त्या दुपारचं आणखी थोडं आहे, आणि मला ते सोडायचं नाही. मी 'सातला' म्हणाले तेव्हा मला वाटलं, आता तुम्ही भांडणार. मी तयारीतच होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग हातातला रिकामा कप माझ्याकडं दिलात.

"बरं बाई," म्हणालात. "तुजं घर हाय."

राग नव्हता त्यात. मला राग ओळखता येतो तुमचा. समाधान होतं. भावकीतल्या आजोबांपुढं, क्लासच्या माणसापुढं, डॉक्टरांपुढं, पुरापुढं तुम्ही माघार घेतल्याचं मी पाहिलं नाही. घेतलीत ती एकदाच, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात, माझा शब्द चालावा म्हणून. मी कप घेतला आणि विसळायला आत गेले.